कन्येचा खाका

१

“हनुवटी तेवढी जमंना. बाकी पोरगी सगळी हाय.”

शरणम्मा हे स्वयंपाकघरात म्हणाल्या आणि त्यांच्या नव्या सुनेने, मंजुश्रीने, ते मोरीमागच्या तारेवर ओला टॉवेल टाकताना ऐकलं. भिंत सरकारी होती. भूकंपाला टिकावी म्हणून बांधलेली, गुपिताला टिकावी म्हणून नव्हे. मंजुश्रीने टॉवेल दोनदा मोठ्याने झटकला, म्हणजे बाहेर कोणी आहे हे आत कळावं. आत लगेच भांडं घासल्याचा आवाज सुरू झाला.

लग्नाला अकरा दिवस झाले होते. सासूने सुनेत खोट काढावी यात तिला नवल नव्हतं. नांदेडहून निघताना मावशीने यादीच दिली होती: पोळी जाड म्हणतील, झोप जास्त म्हणतील, माहेरचं पातेलं पातळ म्हणतील. हनुवटी त्या यादीत नव्हती. आणि ‘बाकी सगळी हाय’ हे कौतुक समजायचं की काय, तेही तिला उमगेना. सगळी म्हणजे किती? कशाला पुरेल इतकी?

हनुवटी तिच्या आईची होती. मधोमध किंचित दबलेली, ओल्या मातीवर कुणी बोट टेकवून उचलावं तशी. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा सकाळी चहा पिताना पेपरच्या वरून मंजुश्रीकडे बघायचे. डोळ्यांकडे नाही, थोडं खाली. मग पेपर वर घ्यायचे. दोघांनी यावर कधी शब्द काढला नाही. लग्न ठरलं त्या दिवशी फक्त ते म्हणाले, “आता मी चहा घेताना कुठं बघू?” आणि स्वतःच हसून उठून गेले.

मुलगी बघायच्या कार्यक्रमात कुणी काय विचारलं ते तिला आठवत नव्हतं. मुलाचे वडील, महादेवप्पा, तासभर गप्प बसून होते. उठताना एवढंच म्हणाले, “पोरी, जरा खिडकीकडं बघ.” तिने बघितलं. सहा वर्षांत तिच्या चेहऱ्याकडे इतक्या सावकाश कुणी पाहिलं नव्हतं. होकार तिने मुलाला दिला असं सगळे समजतात. खरं तर तिने तो त्या बघण्याला दिला होता.

२

किल्लारीतलं घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याचं शेड. तिचा नवरा रविकिरण सकाळी आठच्या जीपने औशाला जायचा. तिथे त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर.

“अप्पाला एक तोंड काढाया महिना लागतो,” तो जेवताना म्हणायचा, “मी तासाला चाळीस काढतो.”

“हाव,” महादेवप्पा भाकरी मोडत म्हणायचे, “आन् एका पावसात चाळीसबी जातेत.”

गाव त्यांना चितारी अप्पा म्हणायचं. बाराव्या वर्षी ते उदगीरला संगमेश्वर मास्तरांकडे राहायला गेले. मास्तर मठांच्या आणि देवळांच्या भिंती रंगवायचे. नंदी, रथाचे हत्ती, लग्नघराच्या दाराशी भाला घेतलेले शिपाई. पहिली तीन वर्षं अप्पांनी नुसते रंग घोटले: गेरू, पिवळी माती, शंखाचा चुना, दिव्याची काजळी, वर बाभळीचा डिंक. चौथ्या वर्षी मास्तरांनी हातात सुई दिली. सुई म्हणजे खाका. कागदावर चेहऱ्याची रेघ काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडत जायचं, तो कागद भिंतीवर धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची. कागद उचलला की भिंतीवर ठिपक्यांचा चेहरा उतरलेला. मग कुंचला. अप्पांनी आयुष्यभर जे देव काढले, त्या सगळ्यांच्या भुवया मास्तरांच्या हातच्या होत्या. ते स्वतःच सांगायचे, लाज न वाटता.

मग त्र्याण्णव साल आलं. पहाटे गाव पडलं. वर्षभराने लोकांना भिंतीवर लावायला आपापल्या माणसांचे फोटो हवे झाले, आणि फोटो तर माणसांबरोबरच गेले होते. लोक अप्पांकडे येऊ लागले. अप्पा विचारायचे, “कोणासारखा व्हता?” नाक भावासारखं, कान पोरासारखे, कपाळ चुलत्यासारखं. मग त्या जित्या माणसांना समोर बसवून अप्पा ते ते काढायचे, जुळवायचे.

मंजुश्री नवी सून म्हणून घरोघरी हळदीकुंकवाला गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की गावातले मेलेले सगळे एकमेकांचे भाऊबंद दिसतात.

“ह्यो माझा मालक,” शेजारच्या नागुबाईंनी हाराआडचं चित्र दाखवलं. “नाक माझ्या दिराचं, कान माझ्या लेकाचं. पहिलं साल परका वाटायचा. आता ह्योच खरा. मूळचा कसा व्हता म्हणशील तर सांगता येत न्हाई बघ.”

“आणि दीर?”

“दीर हाय की पुण्याला. वर्साला येतो.” नागुबाई हसल्या. “पन दारात उभारला की मी दर टायमाला म्हन्ते, कोण पाहिजे पाव्हणं? त्याला लई राग येतो. आता वळखूच येत न्हाई तर मी काय करू, माय?”

मंजुश्रीही हसली. नागुबाईंनी तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि आवाज उतरवला. “अप्पानं सगळ्या गावाची माणसं काढली. सोताची लेक तेवढी राहिली. शिवकन्या. पाच वर्साची व्हती. ते म्हणत तोंड गोल, शरणम्मा म्हणती लांबट. दोघांचं जमंना. मंग अप्पा म्हणले, तूच बस म्होरं, तुझ्यावरनं काढतो. तर ती म्हणली, माझ्याकडं बघू नका. तवापास्नं नवऱ्यालाबी तोंड दावीना.”

“का?”

“त्या राती लेकरू हिच्यापाशी झोपते म्हणून रडत व्हतं. ही दमलेली, गणपती बोळवून आलेली. आजीकडं लावून दिलं. आजीच्या खोलीचं काय राहिलं न्हाई.” नागुबाईंनी दाराकडे पाहिलं. “मी सांगितलं म्हणू नको.”

३

आखाड लागायला दोन दिवस होते. त्या भागात आखाडात नव्या सुनेने सासूचं तोंड बघायचं नसतं. महिनाभर तिला माहेरी धाडतात. मंजुश्रीची पिशवी भरून तयार होती. नांदेडच्या घराचा वास तिला नाकात यायला लागला होता. ओल्या पेपरचा, जळक्या दुधाचा. बाबांना दूध तापवता येत नाही.

“बाबाला म्हणावं, चार दिस थांबा,” शरणम्मा गॅसकडे तोंड करून म्हणाल्या. “अप्पाचं एक काम राहिलंय. दुपारचं जरा त्यांच्याम्होरं बसशील का गं?”

“पण अव्वा, आखाड...”

“बघायचं न्हाई, एवढंच हाय ना? मी झाकते की तोंड. त्यात काय!”

त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. तसा तो अकरा दिवसांत फारसा मागे गेलाच नव्हता. कपाळावरची विभूती त्या आरशाशिवाय, अंदाजाने लावायच्या, म्हणून ती नेहमी एका बाजूला कललेली असायची. बोलायचं झालं की गॅसशी बोलायच्या, चुलीशी, सुपाशी. मंजुश्रीने ही गोष्ट नागुबाईंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “ती बत्तीस वर्सं आखाडातच हाय.”

शेडमध्ये भिंतीला पुरुषभर उंचीचं कापड लावलेलं होतं, खळ देऊन ताणलेलं. त्यावर एक बाई पाटावर बसलेली. इरकलची घडी न् घडी, हिरव्या बांगड्या, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पायाच्या बोटांत जोडवी. सगळं पुरं. फक्त कपाळापासून गळ्यापर्यंत कापड कोरं होतं.

“आज सदतीस वर्सांची असती,” अप्पा म्हणाले. “पन मी लग्नाच्या वयाची काढलीय. लहान लेकराचं तोंड धरता येत न्हाई, पोरी. रोज बदलतं. बाईचं धरता येतं.”

त्यांनी तिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि ते बघायला लागले.

तेच बघणं. घाई नाही, मागणं नाही. त्यांची नजर तिच्या भुवईवरून निघायची आणि कानापाशी पोचायला अर्धा तास घ्यायची. पत्र्यावर कावळा चालायचा, कागदावर पेन्सिल सरकायची. मंजुश्रीला वाटलं, आई ताप आलेल्या कपाळावर हात फिरवायची तो हाच. डोळे भरून आले तर रेघ बिघडेल म्हणून तिने ते आवरले. उंबऱ्यापाशी, शेडकडे पाठ करून, शरणम्मा तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत, पण निवडणं मधेच थांबायचं, आणि मंजुश्रीला कळायचं की त्या कानांनी बघतायत.

दुपार कलताना अप्पांनी सुई घेतली. टुच, टुच, टुच. भोकं पडत गेली.

“जित्या माणसाचा खाका त्याच दिशी त्याच्या हातात द्यायचा, ही मास्तरची रीत,” ते काम करता करता म्हणाले. “आपल्याकडं ठेवायचा न्हाई.”

“कामून, अप्पा?”

“इच्चारलं न्हाई. मास्तर मारायचा.” ते हसले. मग खाका उजेडाला धरून पाहिला आणि हसू मावळलं. “तुझा उद्या देतो. हनुवटी राहिलीय.”

उद्याही तेच म्हणाले. परवाही.

४

सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी झाली.

सकाळी तोंड धुताना तिच्या बोटांना काळं लागलं. आरशात पाहिलं तर कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत कोळशाच्या भुकटीचे बारीक ठिपके होते, ओळीने. शेडमध्ये भुकटी उडते, गालाला लागते. आता ती ओळीने का लागावी, याचा विचार तिने चूळ भरून थुंकून टाकला.

मग फोन. तोंड दाखवलं की उघडणारा फोन, लग्नात रविकिरणने दिलेला. एका सकाळी तो उघडेना. ‘चेहरा जुळत नाही.’

“पदर होता का डोक्यावर?” रविकिरणने काच शर्टाला पुसली.

“नव्हता.”

“मग तू लई गोरी झालीस. सासरचं पाणी!” त्याने तिचा चेहरा नव्याने नोंदवून दिला. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, हास थोडं. चार दिवसांनी तो पुन्हा जुळेना. ती आकडे दाबून फोन उघडू लागली आणि त्याला सांगायचं टाळलं. सांगितलं असतं तर तो तिच्याकडे नीट बघणार, आणि बघून काय म्हणणार याची तिला खात्री उरली नव्हती.

संध्याकाळी शरणम्मा तिला पायरीवर बसवून मागे बसायच्या, डोक्याला तेल लावायच्या. मागून लावलं की तोंड बघायचा प्रश्नच नाही. त्यांची बोटं खरखरीत होती आणि नेमकी ठणकणारी जागा शोधायची. सहा वर्षांत मंजुश्रीची वेणी दुसऱ्या कुणी घातली नव्हती.

“कन्या, मान सरळ धर गं,” एकदा त्या म्हणाल्या.

मंजुश्रीने मान सरळ धरली. दोघींपैकी कुणीही चूक दुरुस्त केली नाही. उलट, तिच्या मनात आलं, अजून एकदा म्हणाव्यात. आणि ते मनात आलं म्हणून ती घाबरली.

त्या रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे नांदेडची ओळखीची भिंत, कॅलेंडर, स्क्रीनच्या कडेला अर्धाच दिसणारा आईचा फोटो.

“नमस्कार ताई,” बाबा म्हणाले, “मंजूला देता का जरा?”

“बाबा, मीच आहे.”

त्यांनी चष्मा वर केला. “अगं हो की! रेंज नाही बघ, तोंड नुसतं चौकोन-चौकोन दिसून राहिलंय.” मग त्यांची नजर सवयीने थोडी खाली गेली. हनुवटीपाशी थांबली. समोर पेपर नव्हता, तरी ते बाजूला वळले. “मी बुधवारी येतो,” कॅलेंडरकडे बघत ते म्हणाले. “आखाड अर्धा सरला. आता घेऊनच जातो. तुझ्या सासऱ्यांना सांग.”

रेंज चांगली होती. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी तिला वाचता येत होती.

५

मंगळवारी दुपारी अप्पा डिंक आणायला नागुबाईंच्या बांधावरच्या बाभळीकडे गेले होते. मंजुश्री एकटी शेडमध्ये गेली. आपला खाका आपल्या हातात घ्यायचा आणि पिशवीत टाकायचा, इतकं साधं ठरवून.

खाका खिडकीच्या गजाला चिमट्याने लटकवलेला होता. मागून ऊन येत होतं, आणि समोरच्या पत्र्यावर उजेडाच्या ठिपक्यांचा चेहरा पडला होता. बाहेर वारा होता, कागद थोडा हलत होता, चेहराही हलत होता. यात काही विशेष नव्हतं.

भुवई तिची होती. नाकही. डोळ्यांची ठेवणही. मात्र हनुवटीपाशी, जिथे कालपर्यंत अप्पांनी काहीच काढलं नव्हतं, तिथे भोकांची एक रेघ होती. लहान, निमुळती, जराशी डावीकडे झुकलेली. ती तिच्या आईची हनुवटी नव्हती.

अप्पांनी सकाळी केली असेल, ती मनात म्हणाली. तिने कागदावरून बोट फिरवलं. सुईने भोक पाडलं की सुई निघते त्या बाजूला कागद खरबरीत होतो. इतक्या दिवसांत तिला हे कळलं होतं. भुवईपाशी कागद पुढून गुळगुळीत, मागून खरबरीत होता. नाकापाशीही तसंच. हनुवटीपाशी उलटं होतं. खरबरीतपणा पुढे होता.

ही भोकं मागून पाडलेली होती.

कागद उलटा धरला असेल. माणूस कागद उलटा धरू शकतो. तिने स्वतः एकदा उलट्या कागदावर शिवण घातली होती. ती हे सगळं स्वतःला समजावत असताना तिचा हात आपल्याच हनुवटीकडे गेला, आणि बोटाला तो खळगा सापडेना. तिने आरशात बघायला घरात धाव घेतली नाही. त्याऐवजी ती स्टुलावर बसली, आकडे दाबून फोन उघडला आणि आईचा जुना फोटो शोधून काढला, आईशेजारी बारावीतली ती स्वतः.

फोटोतली बाई हसत होती. छान बाई होती. शेजारपाजारी असतात तशी एखादी, ओळखीची, नाव आठवेल आता. तिच्या बाजूची मुलगी तिच्यासारखीच दिसत होती. दोघींचा आपल्याशी काय संबंध हे मंजुश्रीला दोन श्वास समजलं नाही.

तिसऱ्या श्वासाला समजलं. ती तोंडावर पदर दाबून रडली, आवाज न करता, कारण पलीकडे सासू निजली होती. खाका घ्यायचं राहून गेलं. रडून उठली तेव्हा पत्र्यावरचा उजेड सरकून विझला होता आणि गजाला नुसता कोरा दिसणारा कागद लटकत होता.

६

बुधवारी बाबांचा फोन आला: लातूरला उतरलो, किल्लारीची जीप भरून राहिली आहे, तासाभरात येतो.

“तासभर लई झाला,” अप्पा म्हणाले. कालच्या हनुवटीबद्दल तिने त्यांना विचारलं होतं. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, मान हलवली आणि म्हणाले, “मी न्हाई केली. पन बरोबर हाय. कशी काय बरोबर हाय, पोरी?” त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की पुढचं तिला बोलवलं नाही. “आज ठिपके उतरवतो. तू म्होरं असलीस म्हंजे हात चुकणार न्हाई. मंग जा माहेरी, सुखानं जा.”

जाईन, पण बाबांसमोर कोण उतरेल? हे ती बोलली नाही. ती स्टुलावर बसली.

बसली, कारण तिला नाही म्हणता येत नव्हतं, असं पुढे लोक म्हणाले असते तर ते अर्धंच खरं झालं असतं. सकाळी शरणम्मांनी तिची वेणी घातली होती, आज जरा जास्त वेळ, आणि शेवटी तिच्या डोक्यावर तळहात ठेवून तसाच राहू दिला होता. तो हात तिला अजून डोक्यावर जाणवत होता. एक आई देऊन एक आई घ्यायची. हिशेब असा सरळ मांडला तर माणूस उठून पळेल. पण तो कुणी मांडत नाही. कुणी नुसतं डोक्यावर हात ठेवतं.

अप्पांनी खाका कापडावर धरला आणि पुरचुंडी थापटायला सुरुवात केली. थप, थप. काळी भुकटी हवेत तरंगली. मंजुश्रीला कपाळाशी बारीक टोचल्यासारखं झालं. मग भुवईशी. मग नाकाच्या शेंड्याशी. घाम असेल. शेडमध्ये उकडत होतंच. उंबऱ्याशी शरणम्मा पाठमोऱ्या बसल्या होत्या, मांडीवर सूप, हात थांबलेले.

थप. ओठ. थप. गाल.

थप.

अप्पांनी कागद उचलला. कापडावर ठिपक्यांचा चेहरा उतरला होता. पाटावर बसलेल्या त्या बाईला पहिल्यांदा तोंड होतं. अप्पांनी कागदावरची भुकटी फुंकली, डोळे मिचकावले, आणि रीतीप्रमाणे ठिपके तपासायला मंजुश्रीकडे वळले. कापडापासून तिच्यापर्यंत, तिच्यापासून कापडापर्यंत. त्यांना वेगळं काही दिसलं नसावं. ते फक्त रेघा बघत होते.

मंजुश्री स्टुलावर तिरकी, खिडकीकडे तोंड करून बसली होती. रोज तशीच बसायची. खाकाही तसाच होता, खिडकीकडे बघणारा. कापडावरचा चेहरा तसा नव्हता. तो दाराकडे वळलेला होता.

ठिपके ओले नव्हते, हलण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती बघत होती तोवर ते हललेही नाहीत. फक्त असं वाटलं, की तिने बघायच्या आधल्या क्षणी त्यांचं वळून झालं होतं आणि आता ते वाट बघतायत. लहान मूल झोपेतून उठून दारात उभं राहतं, हाक मारत नाही, आत घेतील म्हणून नुसतं उभं राहतं, तसे.

दाराशी सूप पडलं. तांदूळ जमिनीवर सांडले. मागे काय झालं ते शरणम्मांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या उठल्या होत्या, आणि उठताना पदर सुपाखाली अडकून डोक्यावरून ओढला गेला होता. त्यांनी तो घाईने तोंडावर घ्यायला हात वर नेला. तेवढ्यात मंजुश्रीला त्यांचं तोंड दिसलं. आखाडात, भर दुपारी, पुरं.

लांबटही नव्हतं, गोलही नव्हतं. सुरकुतलेलं, घाबरलेलं, विभूती कललेली. आणि खाली, लहान, निमुळती, जराशी डावीकडे झुकलेली हनुवटी.

“बघू नको गं,” शरणम्मा म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. त्यांची पाठ पुन्हा फिरायला लागली होती.

“पोरी, हलू नको,” अप्पा म्हणाले, “जरासक राहिलंय.”

बाहेर रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी घर विचारत होतं. आवाज ओळखीचा होता. अजून ओळखीचा होता. अकरा दिवस आणि वर अर्धा आखाड या घरात तिने ‘हो’, ‘जी’ आणि ‘आणते’ याच्या पलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं. ती स्टुलावरून उठली. अप्पांचा पुरचुंडीचा हात हवेतच राहिला. तिने स्टूल उचलून कापडाच्या समोर, अगदी समोर ठेवलं, आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“अव्वा, ती माझ्याकडं बघत न्हाई. तुमच्याकडं बघून राहिलीय. मी उठले. आता तुम्ही बसा.”